दशमूलारिष्टाचा गाळ

धुळ्यात देवपूर भागात सारिकाताई बोरसे आमच्या शेजारी राहतात. एका आयुर्वेद महाविद्यालयात त्या औषधं कशी बनवायची ते शिकवतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, घरी आणि सासरच्या गावी असं त्यांचं संशोधन चालतं, आणि इतकी वर्षं ते एकाच प्रश्नाभोवती फिरत होतं: सासऱ्यांचं दशमूलारिष्ट उन्हाळ्यात आंबट का होत नाही?

दशमूलारिष्ट म्हणजे बाळंतिणीला देतात ते गडद तपकिरी औषध. दहा मुळांचा काढा करायचा, त्यात गूळ विरघळवायचा, धायटीची वाळलेली लाल फुलं टाकायची, भांड्याचं तोंड कापडानं आणि मातीनं बंद करायचं आणि वाट बघायची. आत गूळ आंबतो. त्यातून थोडं मद्य तयार होतं आणि तेच मद्य औषधाला पुढे कित्येक वर्षं टिकवतं. बाहेरून काही घालावं लागत नाही. औषध आपली राखण आपणच करतं, हे सारिकाताई वर्गात सांगतात तेव्हा इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज जरा खाली येतो.

पण खानदेशचा उन्हाळा या सगळ्याच्या मध्ये येतो. वैशाखात इथे दाराच्या कडीला दुपारी हात लावता येत नाही. त्या उन्हात आंबण्याची वाट चुकते आणि औषधाचा शिरका होतो. मोठ्या कारखान्यांना थंड खोल्या परवडतात. आमच्याकडचे छोटे वैद्य फाल्गुनातच भांडी पालथी घालून ठेवतात.

सारिकाताईंचे सासरे झुलालनाना मात्र भर वैशाखात औषध घालायचे. पांझरेच्या काठी त्यांचं गाव. कपाशी आणि बाजरीची शेती, आणि घराच्या मागच्या खोलीत अर्धा जमिनीत पुरलेला एक काळपट रांजण. औषधाची विद्या त्यांना आईकडून आली होती. सारिकाताई लग्न होऊन आल्या तेव्हा नुकत्याच वैद्य झाल्या होत्या आणि त्यांचं पहिलंच दशमूलारिष्ट बिघडलं होतं.

"नाना, तुम्ही त्यात वेगळं काय घालता?" त्यांनी विचारलं होतं.

"तू घालस तेच."

"मग माझंच का बिघडतं?"

"तू त्याले रोज इचारस, काय व्हयनं, काय व्हयनं. परीक्षामा मास्तर डोकावर उभा राहिना तं तुना पेपर कसा जाई?"

नाना हसण्यावारी नेत, पण लपवत काही नव्हते. त्यांनाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा प्रश्न तिथेच राहिला.

सारिकाताईंनी मुळं बदलून पाहिली, गूळ बदलून पाहिला. गावच्या विहिरीचं पाणी डब्यांतून धुळ्याला आणलं. सातपुड्यातून येणारी धायटीची फुलं वेगवेगळ्या पाड्यांवरून मागवली. काहीच हाती लागलं नाही. या वैशाखात त्यांनी शेवटचा उपाय म्हणून गावीच एकच काढा केला, त्याचे दोन भाग केले, अर्धा कुंभाराकडून आणून तसाच जमिनीत पुरलेल्या नव्या रांजणात ओतला आणि अर्धा नानांच्या. फुलं तीच, गूळ तोच, खोली तीच. नव्या रांजणातलं औषध नाकाला झोंबण्याइतकं आंबट झालं. नानांच्या रांजणातलं कडू-गोड, उबदार वासाचं, अगदी जसं नाना करत तसं निघालं.

म्हणजे गुपित रांजणात होतं. भाजलेल्या मातीच्या त्या भिंतीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत, गूळ आंबवणारं यीस्ट वस्ती करून होतं. ते नानांच्या आईच्या वेळेपासून असेल, कदाचित त्याआधीचंही. औषध काढून घेतलं की ते भिंतीत निजायचं, गूळ आला की उठायचं. दर उन्हाळ्यात त्यातलं दुबळं मरून जायचं आणि ऊन सोसणारं उरायचं. असे किती उन्हाळे गेले असतील! त्या मातीच्या भांड्यात खानदेशच्या उन्हानं आपल्याला पुरून उरेल असा जीव स्वतःच घडवला होता आणि माणसांना त्याचा पत्ता नव्हता. नानांचा नियम एवढाच होता की रांजण पाण्यानं धुवायचा नाही. कापडानं तोंड बांधून ठेवायचा. का, असं विचारलं तर म्हणायचे, "मनी माय धोये नही, म्हनीसन मी धोत नही."

सारिकाताईंनी ठरवलं की श्रावणात सुट्टी मिळाली की कॉलेजातून निर्जंतुक साहित्य घेऊन गावी जायचं आणि रांजणाच्या भिंतीवरून तो जीव अलगद उचलून आणायचा. एकदा तो काचेच्या नळीत वाढवता आला की कुठल्याही वैद्याला देता आला असता. भर उन्हाळ्यात, थंड खोलीशिवाय, चांगलं औषध झालं असतं. फक्त हे गावी कुणाला सांगायचं राहून गेलं.

त्या गेल्या त्या श्रावणातल्या शनिवारी, कानबाईच्या आदल्या दिवशी. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी घरात बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, पुरणाचे रोट होतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी कानबाईला वाजतगाजत निरोप देतात. ज्या घरी ती बसणार त्या घरात तिच्या आधी आठवडाभर झाडलोट चालते. भिंती पांढऱ्या होतात, माळ्यावरची भांडीसुद्धा खाली उतरतात. यंदा कानबाई बोरशांच्या घरी होती.

अंगणात शिरताच सारिकाताईंना रांजण दिसला. तो उन्हात पालथा घातलेला होता. इतका पांढरा, की आधी त्यांना ओळखूच आला नाही.

धाकटी जाऊ पुनम धावत आली. गावातलं घर तीच सांभाळते. "ताई, देख! वळखू येस का? नानासना रांजण शे. जमीनमाइन काढाले दोन मानसं लागनात. पहिले राख, मंग उकयतं पानी, मंग चुना. आतमाइन, बाहेरथाइन, मी बठ्ठा घासा!"

ओसरीवर गुडघे चोळत बसलेल्या सासूबाई, भिकुबाई, म्हणाल्या, "मी तिले बोलनू, राहू दे. तं म्हने, कानबाई घरमा येस आनि हाऊ असा वास मारस. लोक काय म्हणतीन?"

"नानासना शे म्हनीसन मी जास्ती घासा," पुनम म्हणाली. ती हसत होती. मग तिचं हसू थांबलं, कारण सारिकाताई प्रयोगशाळेची पेटी पायाशी ठेवून अंगणातच खाली बसल्या होत्या.

"काय व्हयनं ताई?"

"काही नाही गं. त्यात एक जीव होता."

"जीव? कसाना जीव?" पुनम घाबरून रांजणाकडे वळली. "मी तं निट देखं. मुंगीबी नव्हती."

मग सारिकाताईंनी तिला सगळं सांगितलं. रागावून नाही. राग यावा असं तिथे काही नव्हतं. पुनम ऐकत गेली आणि तिच्या हातातला राखेचा काथ्या तसाच राहिला. कानबाई बसली, गाणी झाली, रोट झाले. सगळ्या कामात पुनम होती, पण अंगणातून जाताना ती रांजणाला वळसा घालत होती. जाताना सारिकाताईंनी रांजणाच्या आतून थोडी माती खरवडून घेतली.

धुळ्याला परत आल्यावर त्यांनी ती माती जीव रुजवायच्या बशांमध्ये पेरली. उकळतं पाणी आणि चुना यांनी काम चोख केलं होतं. बशा स्वच्छ राहिल्या. पुनम रोज फोन करायची. "उगनं का, ताई?" एवढंच विचारायची, आणि नाही म्हटल्यावर फोन ठेवायची.

मी एकदा त्यांना विचारलं, वैशाखात नानांच्या रांजणातून काढलेलं औषध तर असेल ना, त्यात तो जीव असेलच. सारिकाताईंनी कपाट उघडून त्या बाटल्या मला दाखवल्या. औषध नितळ होतं, तळाशी कणही नव्हता.

"टिकावं म्हणून मी हे बारीक गाळलं आणि गरम करून बंद केलं. पुस्तकात सुधारित पद्धत म्हणून हेच लिहिलंय, मीही हेच शिकवते," त्या म्हणाल्या. "यात आता जिवंत काही नाही."

त्या दिवशी पुनमचा फोन आला तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "हे बघ, तू रांजण धुतलास आणि मी औषध उकळलं. दोघींनी स्वच्छताच केली."

पलीकडून पुनम पहिल्यांदा रडली.

नानांनी स्वतःच्या हातानं भरलेल्या बाटल्या वेगळ्या असत. ते औषध नुसतं फडक्यातून गाळत आणि भरत. तळाशी बोटभर गाळ बसायचा. लोक तक्रार करायचे. त्या गाळात यीस्ट झोपलेलं असणार, आणि जपून ठेवलेली बाटली असेल तर ते अजून उठूही शकेल, असं सारिकाताईंना वाटत होतं. पण नानांची बाटली उरली होती कुठे? गावात घरोघरी विचारून झालं. औषध पिऊन संपलं होतं आणि बाटल्यांत कुठे फिनाइल होतं, कुठे खोबरेल.

शेवटी सावद्याहून रूपालीचा फोन आला. रूपाली त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता सावद्यात तिचा छोटा दवाखाना आहे. "मॅडम, माझ्या बाळंतपणाला नानांनी बाटली दिली होती. अर्धी उरली होती. सासूबाईंच्या कपाटात असेल बघा."

आम्ही दोघी पहाटेच्या गाडीनं निघालो. पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना कपाशी होती. भुसावळच्या पुढे तापी ओलांडली आणि केळीच्या बागा सुरू झाल्या. हवासुद्धा बदलली, ओली आणि गार. पर्समधली रिकामी निर्जंतुक कुपी सारिकाताई वाटेत मधूनमधून चाचपत होत्या.

रूपालीच्या घरी तिच्या सासूबाई लताबाई आणि सासरे रतिलालआबा आमची वाटच बघत होते. चहा झाला. लताबाईंनी कपाटातून बाटली आणून टेबलावर ठेवली. बाटली जवळजवळ रिकामी होती.

"अर्धी होती ना, आई?" रूपालीनं विचारलं.

लताबाईंनी आबांकडे पाहिलं. आबा खिडकीतून बागेकडे बघू लागले. "उडाली असंल," ते म्हणाले. "ऊन का कमी होतं यंदा?"

"झाकन लावलेली उडते का हो?" लताबाई म्हणाल्या. "अन् उडून तुमच्याच मिशीत बसते?"

"थोडीशी घेतली असंल कधी. गुडघ्याले."

"बायंतिणीचं औषध, अन् याहीच्या गुडघ्याले! सकाय-संध्याकाय घ्या, म्हनून डाक्तरनं लिहून देल्लं व्हतं का?"

रूपाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. आबांनी मात्र सारिकाताईंपुढे हात जोडले. "मॅडम, चूक झाली. पन एक सांगतो, खालचा गाळ मी नाही पेलो. लय कडू लागते. धुवून टाकनार होतो, तं राहून गेलं."

सारिकाताईंनी बाटली हातात घेतली आणि उजेडाकडे धरून हळूच कलती केली. तळाशी मातकट पिवळा थर संथपणे एका बाजूला सरकला.

"आबा, मला गाळच हवा आहे."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मंग काय," ते हळूच म्हणाले, "मी बरोबरच पेलो म्हना ना."

निघताना त्यांनी स्वतः ती बाटली केळीच्या वाळल्या पानांत गुंडाळली, वरून केळीच्याच सोपटाची दोरी बांधली आणि सारिकाताईंच्या मांडीवर ठेवली. बाटली आडवी करू नका, असं बस सुटेपर्यंत ते खिडकीखालून सांगत राहिले.

प्रयोगशाळेत सारिकाताईंनी त्या गाळाला कोमट गुळाचं पाणी दिलं. तसं पाहिलं तर हा पुराव्याचा प्रयोग. प्रत्येक गोष्ट मोजून, नोंदून करायची. पण पाणी ओतताना त्यांचा हात बाळाच्या तोंडात थेंब सोडावा तसा चालत होता. त्यानंतर काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. त्या वर्गावर जाऊन येत, काचेच्या चंबूकडे बघत आणि पुन्हा वर्गावर जात. गाळ तळाशी निश्चल पडून होता. इतकी वर्षं अंधाऱ्या कपाटात, अन्नाशिवाय, स्वतःच बनवलेल्या मद्यात बुडून राहिलेला. माणसानं त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करावी?

मग एका सकाळी दहाच्या सुमारास त्यांचा फोन आला. "ये. लगेच ये."

चंबूच्या काचेवर, तळापासून वर, एक बारीक बुडबुडा चढत होता. तो वर पोचला आणि फुटला. त्याच्या मागे दुसरा निघाला. सारिकाताईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या कानांत घातला आणि त्याचं टोक काचेला लावलं. आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. कढईत तेल तापू लागताना पहिल्यांदा बोलतं ना, तसा बारीक, अखंड, अगदी लांबून येणारा आवाज. आत कुणीतरी जागं होतं. एक नव्हे, मोजता येणार नाहीत इतके.

त्यांनी काडी पेटवून चंबूच्या गळ्यात धरली. वारा नव्हता, कुणी फुंकर मारली नव्हती. ज्योत आत गेली आणि विझली. आतल्यांनी सोडलेल्या श्वासानं ती विझली होती. मला आठवतं, मी त्या काडीच्या धुराकडे बघत राहिले.

तरी हा तोच जीव, हे अजून ठरायचं होतं. बाटली आबांनी रोज उघडली होती. तिच्यात काहीही शिरलेलं असू शकत होतं. सारिकाताईंनी गाळातले जीव बशांवर वेगवेगळे केले, एकेकाला वाढवलं. मग नवा काढा करून वेगवेगळ्या भांड्यांत ओतला, प्रत्येकात एकेक जीव सोडला आणि भांडी त्या यंत्रात ठेवली, ज्यात भर पावसाळ्यातही खानदेशचा वैशाख तयार करता येतो. बाकीचे त्या उन्हात गळाले. एक टिकला. त्याचं औषध आंबट झालं नाही. त्यांनी चमचाभर जिभेवर घेतलं आणि डोळे मिटून घेतले.

"नानांचंच आहे," त्या म्हणाल्या.

त्याचे अंश आता वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. काही दूरच्या एका संस्थेत गोठवून ठेवलेले, काही पारोळ्याच्या आणि चाळीसगावच्या दोन वैद्यांकडे, जे येत्या उन्हाळ्यात त्यावर औषध घालून पाहणार आहेत. सारिकाताई आता औषध गरम करून बंद करायची पद्धत शिकवतात तेव्हा त्यासोबत आणखी एक पायरी शिकवतात: उकळण्याआधी थोडं जिवंत बाजूला काढून ठेवा.

औषध उतरलं त्याच आठवड्यात त्यांनी पुनमला धुळ्याला बोलावून घेतलं. पुनम कॉलेजात पहिल्यांदाच येत होती. प्रयोगशाळेच्या दाराशी तिनं चपला काढल्या. काढायची गरज नाही, असं दोनदा सांगूनही तिनं ऐकलं नाही. खुर्ची दिली तर बसली नाही. "माले दखाड," एवढंच म्हणाली.

सारिकाताईंनी काचपट्टीवर थेंब ठेवला, सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला, नजर जुळवून दिली. "एक डोळा मिट. आता हळूच वाक."

पुनम वाकली. पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग ती एकदम स्थिर झाली. खाली पाण्यात गोल, पारदर्शक, कण्यांसारखे जीव होते. काहींच्या अंगाला लहानसा गोल चिकटलेला होता, आईच्या कडेवर बसल्यासारखा.

"हाई लहानलं काय शे?" तिनं वर न बघता विचारलं.

"पिल्लू. असंच वाढतं ते."

"आनि ह्या बठ्ठा जित्ता शेत?"

"सगळे जिवंत आहेत."

"रांजणमाबी हाईच व्हतं?"

"हेच."

पुनम बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं डोळा न काढता एक हात मागे नेला, खांद्यावरून घसरलेला पदर चाचपडून वर घेतला आणि डोक्यावरून पुढे ओढला. गावात थोरांसमोर जाताना ती घेते, तसा.

"ताई," ती कुजबुजली, "यासना डोयामा उजेड जात व्हई. दिवा बंद कर ना."

सारिकाताईंनी दिवा बंद केला.